एका वाक्याचीं बावन्न वर्षें

मंडळीच्या अभ्यासवर्गासाठीं पाठ : समलिंगी विश्वासणाऱ्यांचें मंडळींतील स्थान

शास्त्रपाठ : यशया ५६:१-८, प्रेषितांचीं कृत्यें ८:२६-४० व १५:१-२९, रोमकरांस पत्र, अध्याय १४.



आजच्या पाठाच्या विषयाचें नांव काढतांच पुष्कळ मंडळ्यांत वडील माणसें दुसरें बोलणें काढितात व तरुण खालीं पाहूं लागतात. ज्या पुरुषाची प्रीति पुरुषाकडे किंवा ज्या स्त्रीची प्रीति स्त्रीकडे वळते, अशा विश्वासणाऱ्यांचें ख्रिस्ती मंडळींत स्थान काय, हा तो विषय होय. त्यांस आजच्या भाषेंत समलिंगी म्हणतात, व तोच शब्द आपण येथें वापरूं. विषय नाजूक आहे म्हणून तो टाळावा, असें कित्येकांस वाटतें. परंतु टाळलेला विषय नाहींसा होत नाहीं. तो ओट्यावरच्या कुजबुजींत जातो, आणि तेथें त्यास शास्त्राचा आधारहि नसतो व दयेचा स्पर्शहि नसतो.

असा अभ्यास करितांना एक खरें उदाहरण डोळ्यांपुढें असावें. ह्या विषयावर अमेरिकेंतील युनायटेड मेथॉडिस्ट मंडळीनें १९७२ पासून २०२४ पर्यंत बावन्न वर्षें वाद केला, न्यायसभा भरविल्या, मतें मोजलीं, आणि शेवटीं तिच्यांत फूटहि पडली. हें सर्व उघडपणें घडलें व लिहून ठेविलेलें आहे. मेथॉडिस्ट मिशनाशीं आपला संबंध जुना आहे. विल्यम टेलर यांनीं १८७१ सालीं मुंबईंत सुवार्तेचें काम आरंभिलें, व त्यांतून पश्चिम भारतांतील मेथॉडिस्ट मंडळ्या उभ्या राहिल्या. १९८१ पासून भारतांतील मेथॉडिस्ट मंडळी स्वतंत्र आहे. म्हणून अमेरिकेंतील ठराव तिजवर बंधनकारक नाहींत. तेव्हां हा इतिहास आपण आज्ञा म्हणून नव्हे, तर शेजारच्या घरचा अनुभव म्हणून वाचूं.

१. वाक्य कसें आलें

युनायटेड मेथॉडिस्ट मंडळीची सर्वश्रेष्ठ सभा म्हणजे जनरल कॉन्फरन्स. ती साधारणतः दर चार वर्षांनीं भरते. तींत निम्मे पाळक व निम्मे सामान्य सभासद प्रतिनिधि म्हणून बसतात. अमेरिकेशिवाय आफ्रिका, युरोप व फिलिपाईन्स येथील मंडळ्यांचे प्रतिनिधीहि तींत असतात. १९७२ सालीं ही सभा जॉर्जिया राज्यांतील अटलांटा शहरीं भरली. समाजजीवनाविषयीं मंडळीचीं तत्त्वें सांगणारा एक मसुदा त्या वेळीं समितीनें सभेपुढें ठेविला. त्यांत समलिंगी व्यक्तींविषयीं कांहीं मजकूर होता. त्याचा भावार्थ असा कीं, समलिंगी माणसेंहि इतरांइतकींच पवित्र मोलाचीं आहेत, व त्यांस मंडळीच्या सेवेची व संगतीची गरज आहे.

चर्चा चालली असतां टेक्सास राज्यांतील एका प्रतिनिधीनें, जो धंद्यानें वकील होता, एक दुरुस्ती सुचविली. समलिंगी आचरणास मंडळी संमति देत नाहीं, व तें ख्रिस्ती शिकवणुकीशीं विसंगत आहे, अशा अर्थाचें वाक्य पुढें जोडावें, असें त्याचें म्हणणें होतें. दुरुस्ती मंजूर झाली. अशा रीतीनें एकाच मजकुराचीं दोन अंगें झालीं. एक अंग म्हणे, हा मनुष्य पवित्र मोलाचा आहे. दुसरें म्हणे, ह्याचें आचरण आमच्या शिकवणुकीशीं जुळत नाहीं. पहिलें अंग समितीच्या अभ्यासांतून आलें होतें. दुसरें सभेंतील चर्चेच्या ओघांत आलें. पुढील बावन्न वर्षें मंडळी ह्या दोन अंगांच्या मध्यें ओढली गेली.

त्याच १९७२ सालीं दुसऱ्या एका मंडळीनें वेगळी वाट धरिली. युनायटेड चर्च ऑफ क्राइस्ट ह्या मंडळीनें जून महिन्यांत कॅलिफोर्नियांतील सॅन कार्लोस येथें विल्यम जॉन्सन ह्या तरुणास, तो समलिंगी आहे हें सर्वांस ठाऊक असतां, पाळकपणाची दीक्षा दिली. आज अहिल्यानगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अहमदनगरच्या बाजूच्या वाचकांस ही मंडळी अगदींच परकी नाहीं. ज्या अमेरिकन बोर्डाचे मिशनरी १८१३ सालीं मुंबईस उतरले, व ज्याच्या मराठी मिशनानें पुढें नगर जिल्ह्यांत गांवोगांव मंडळ्या स्थापिल्या, त्या बोर्डाचें काम १९६१ सालीं ह्याच मंडळीच्या मिशन खात्यांत विलीन झालें. एकच शास्त्र वाचणाऱ्या दोन मंडळ्यांनीं एकाच वर्षीं दोन निरनिराळे निर्णय केले, हें ध्यानांत ठेवावें. ज्यांचें मत आपल्याहून वेगळें त्यांनीं शास्त्र उघडलेंच नाहीं, असें म्हणण्याची घाई कोणीं करूं नये.

२. वाक्याचा नियम झाला

मेथॉडिस्ट मंडळींत त्या वाक्यावर पुढें नियमांची इमारत चढली. आपण समलिंगी जीवन जगतों असें जो उघड सांगतो त्यास दीक्षा देऊं नये व कोणत्याहि मंडळीवर पाळक नेमूं नये, असा नियम १९८४ सालीं झाला. समलिंगी जोडप्यांचे विधि मेथॉडिस्ट पाळकांनीं करूं नयेत, असें १९९६ सालीं ठरलें. नियम आला म्हणजे नियमभंगहि येतो, आणि त्यामागून न्यायसभा येते.

फिलाडेल्फिया शहराच्या जर्मनटाउन भागांतील मंडळीच्या सहायक पाळक बेथ स्ट्राउड ह्यांनीं २००३ सालीं उपासनेच्या वेळीं आपल्या मंडळीस सांगितलें कीं, आपण एका स्त्रीबरोबर एकनिष्ठपणें संसार करीत आहों. डिसेंबर २००४ मध्यें त्यांची न्यायसभा झाली. पाळकांच्या पंचमंडळानें बारा विरुद्ध एक मतानें त्यांस नियमभंगाचा दोष दिला, व सात विरुद्ध सहा मतांनीं त्यांचें पाळकपण काढून घेतलें. त्यांनीं मंडळीचा पैसा खाल्ला, किंवा कोणाचें घर मोडलें, किंवा खोटी शिकवण दिली, असा आरोप त्यांजवर नव्हता. त्या गप्प राहिल्या असत्या तर त्यांची सेवा चालू राहती. खरें बोलल्यामुळें ती गेली. जो नियम सत्य बोलणाऱ्यास शिक्षा करितो व लपविणाऱ्यास जाऊं देतो, तो मंडळीस कोणती संवय लावितो, ह्याचा विचार प्रत्येक पंचानें करावा.

पेन्सिल्व्हेनियांतीलच फ्रँक शेफर नांवाच्या पाळकांनीं २००७ सालीं आपल्या मुलाचा एका पुरुषाशीं विवाह लाविला. हा मुलगा वाढत्या वयांत, आपण आहों तसे देवाला व मंडळीला नकोसे आहों असें वाटून, जीव देण्याच्या विचारापर्यंत गेला होता. बापानें त्यास दूर लोटलें नाहीं. सहा वर्षांनीं ह्या विवाहाबद्दल तक्रार झाली. डिसेंबर २०१३ मध्यें बापाचें पाळकपण गेलें, व जून २०१४ मध्यें अपिलांत तें परत मिळालें.

परंतु सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट ३१ ऑक्टोबर २००५ रोजीं घडली. मंडळीच्या सर्वोच्च न्यायमंडळानें त्या दिवशीं दोन निकाल जाहीर केले. एकानें बेथ स्ट्राउड ह्यांची शिक्षा कायम झाली. दुसरा निकाल व्हर्जिनिया राज्यांतील एका पाळकाविषयीं होता. एक समलिंगी गृहस्थ त्या मंडळीच्या उपासनेस येत असे व गायकवृंदांत गात असे. आपणांस सभासद करून घ्यावें, अशी त्यानें विनंति केली. पाळकानें ती मान्य केली नाहीं. कोण सभासद होण्यास सिद्ध आहे हें ठरविण्याचा अधिकार पाळकाचा आहे, असा न्यायमंडळानें निकाल दिला.

येथें क्षणभर थांबावें. १९७२ चें वाक्य आचरणाविषयीं होतें. १९८४ चा नियम पाळकांविषयीं होता. २००५ सालीं तेंच वाक्य गायकवृंदांतील एका साध्या भाविकापर्यंत पोंचलें, आणि जो आंत बसून गात होता त्याला त्यानें दाराशीं नेऊन उभें केलें. बिशपांनाहि हें सहन झालें नाहीं. थोड्याच दिवसांत सर्व बिशपांनीं एकमतानें मंडळ्यांस पत्र लिहून कळविलें कीं, समलिंगी असणें हा सभासदत्वास अडथळा नाहीं. परंतु वाक्य पुस्तकांत तसेंच राहिलें.

३. दोन्ही पक्ष शास्त्र कसें वाचतात

जे समलिंगी संबंधास पाप मानितात त्यांचें म्हणणें प्रथम प्रामाणिकपणें ऐकूं. देवानें मनुष्यास नर व नारी असें उत्पन्न केलें, व प्रभु येशूनें विवाहाविषयीं बोलतांना त्याच वचनाकडे बोट दाखविलें (मत्तय १९:४-६). लेवीय १८:२२ व २०:१३ येथें स्पष्ट मनाई आहे. पौल रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायांत व करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायांत ह्या गोष्टी दोषांत गणितो. ह्या पक्षांतील पुष्कळ विचारी लोक म्हणतात कीं, ओढ असणें हें पाप नव्हे, त्या ओढीप्रमाणें वागणें हें पाप. म्हणून अशा विश्वासणाऱ्यानें ब्रह्मचर्यानें राहावें, व मंडळीनें त्यास प्रेमानें सांभाळावें. हे लोक द्वेषी आहेत असें म्हणणें खोटें होईल.

दुसरा पक्षहि शास्त्रच उघडतो. तो म्हणतो कीं, रोमकरांस पत्रांत पौल मूर्तिपूजा व बेफाम वासना ह्यांविषयीं बोलत आहे. प्रभूचें भय बाळगून एकनिष्ठपणें राहणाऱ्या दोघांचें चित्र त्याच्यापुढें नाहीं. करिंथकरांस पत्रांतील दोन ग्रीक शब्दांच्या अर्थाविषयीं पंडितांत मतभेद आहे. १९४६ सालीं प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी रिव्हाइज्ड स्टँडर्ड नव्या करारांत त्या दोन शब्दांच्या जागीं समलिंगी अशा अर्थाचा एकच शब्द प्रथम घातला गेला, व १९७१ च्या आवृत्तींत भाषांतरकारांनीं तो काढून दुसरा घातला. सदोमाच्या पापाचें वर्णन करितांना यहेज्केल संदेष्टा (१६:४९) गर्व, चैन व गरिबांची उपेक्षा ह्यांचें नांव घेतो.

हा पक्ष आणखी एक गोष्ट दाखवितो. अनुवाद २३:१ प्रमाणें षंढास परमेश्वराच्या मंडळींत प्रवेश नव्हता. यशया संदेष्टा ५६ व्या अध्यायांत त्याच षंढास देवाच्या घरांत स्थान व नांव मिळेल असें सांगतो. आणि प्रेषितांचीं कृत्यें ८ मध्यें फिलिप्प कूशी षंढाला रस्त्यावरच बाप्तिस्मा देतो. एकाच शास्त्रांत दार असें टप्प्याटप्प्यानें उघडत गेलें.

ह्यावर पहिला पक्ष म्हणतो, यरुशलेमच्या सभेनें विदेश्यांवरचें सुंतेचें ओझें काढिलें खरें, परंतु जारकर्मापासून दूर राहण्याची आज्ञा ठेविली (१५:२९). हा मुद्दा वजनदार आहे. दुसरा पक्ष विचारितो, एकनिष्ठ सहजीवनाला जारकर्म म्हणावें काय, हाच तर वादाचा प्रश्न आहे. अशा रीतीनें वाद पुढें जातो, व तो ह्या एका पाठांत मिटणार नाहीं.

तथापि ब्रह्मचर्याविषयीं एक विचार सर्व प्रॉटेस्टंट वाचकांनीं करावा असा आहे. पौल ब्रह्मचर्यास देवाचें दान म्हणतो, आणि तें दान सर्वांस सारखें नसतें असेंहि म्हणतो (करिंथकरांस पहिलें पत्र, अध्याय ७). पाळकांवर तें सक्तीनें लादूं नये, ही तर आपल्या सुधारणेच्या चळवळींतील एक मोठी मागणी होती, व मार्टिन लूथर ह्यांनीं १५२५ सालीं विवाह करून ती आचरणांत आणिली. जें दान आपण पाळकांवर सक्तीनें लादीत नाहीं, तें एका संपूर्ण वर्गावर जन्मभर लादण्याचा अधिकार मंडळीस कोठून आला, ह्याचें उत्तर पहिल्या पक्षानें द्यावयास पाहिजे. प्रस्तुत लेखकास तें उत्तर अद्यापि सांपडलेलें नाहीं.

४. फूट व निकाल

फेब्रुवारी २०१९ मध्यें सेंट लुइस शहरीं जनरल कॉन्फरन्सची खास सभा केवळ ह्या प्रश्नासाठीं भरली. जुने नियम कायम ठेवून अधिक कडक करावे, ही योजना ४३८ विरुद्ध ३८४ मतांनीं मंजूर झाली. असा निसटता विजय कोणासच विश्रांति देत नाहीं. ज्या मंडळ्यांस ह्या वादामुळें बाहेर पडावयाचें असेल त्यांनीं दोनतृतीयांश मतानें, ठरलेली रक्कम भरून, आपली इमारत घेऊन जावें, अशी वाट त्या सभेनें मोकळी केली. गंमत म्हणावी कीं खेद, नियम कडक झाले असतांहि बाहेर पडणाऱ्यांत जुन्या मताच्याच मंडळ्या बहुसंख्य होत्या. कारण अमेरिकेंतील पुष्कळ बिशप व वार्षिक कॉन्फरन्सा हे नियम पाळणार नाहींत हें त्यांस दिसत होतें. २०२३ च्या अखेरीपर्यंत साडेसात हजारांहून अधिक मंडळ्या निघून गेल्या. अमेरिकेंतील एकूण मंडळ्यांचा हा जवळजवळ चौथा हिस्सा. त्यांतील कित्येक १ मे २०२२ रोजीं सुरू झालेल्या ग्लोबल मेथॉडिस्ट मंडळींत गेल्या.

ज्यांनीं गांवांतील मंडळीची फूट पाहिली आहे त्यांस ह्या आंकड्यांमागचें दुःख सांगावयास नको. एकाच बांकावर बसणारीं दोन कुटुंबें रविवारीं दोन रस्त्यांनीं जाऊं लागतात, आणि आजोबांची कबर एका मंडळीच्या आवारांत राहून नातवंडें दुसरीकडे उपासना करितात.

पुढील जनरल कॉन्फरन्स कोरोनाच्या सांथीमुळें लांबली व २०२४ च्या एप्रिल-मे महिन्यांत नॉर्थ कॅरोलायनांतील शार्लट शहरीं भरली. १ मे रोजीं दीक्षेवरील बंदी ६९२ विरुद्ध ५१ मतांनीं, चर्चेवांचूनच उठली. दुसऱ्या दिवशीं ५२३ विरुद्ध १६१ मतांनीं नवीं सामाजिक तत्त्वें मंजूर झालीं, व त्यांत १९७२ चें तें वाक्य राहिलें नाहीं. ज्या पाळकाचा विवेक परवानगी देत नाहीं त्यानें समलिंगी विवाह लाविलाच पाहिजे, अशी सक्ति मात्र केली नाहीं. त्याच महिन्यांत पूर्व पेन्सिल्व्हेनियाच्या पाळकांनीं बेथ स्ट्राउड ह्यांस पुन्हां आपल्यांत घेतलें. पाळकपण गेल्यापासून जवळजवळ वीस वर्षें लोटलीं होतीं.

ह्या निकालाचा अर्थ लावितांना सावध असावें. विरोध करणारे पुष्कळ आधींच निघून गेले होते, व आफ्रिकेंतील कित्येक प्रतिनिधींस प्रवासाचा परवाना वेळेवर न मिळाल्यामुळें सभेस येतां आलें नाहीं. २८ मे २०२४ रोजीं आयव्हरी कोस्टच्या मोठ्या कॉन्फरन्सनें मंडळी सोडण्याचा ठराव केला. म्हणून मतांची संख्या मोठी दिसली तरी सर्वांचें मन वळलें असें म्हणतां येत नाहीं. मतदानानें नियम बदलतो. मनुष्याचें मन बदलण्यास दुसरें कांहीं लागतें.

५. तीन प्रश्न वेगळे ठेवावे

ह्या इतिहासांतून आपणांस काय शिकावयाचें? प्रस्तुत लेखकास असें वाटतें कीं, तीन निरनिराळे प्रश्न एकत्र केल्यामुळें बहुतेक गोंधळ झाला. पहिला प्रश्न : समलिंगी विश्वासणाऱ्यास मंडळींत, बाप्तिस्म्यांत व प्रभुभोजनाच्या मेजावर स्थान आहे काय? दुसरा : त्यास पाळकपणाची दीक्षा द्यावी काय? तिसरा : मंडळीनें त्याचा विवाह लावावा काय?

दुसऱ्या व तिसऱ्या प्रश्नावर प्रॉटेस्टंट मंडळ्यांत आज मतभेद आहे, आणि भारतांतील मंडळ्यांस त्यांवर पुष्कळ अभ्यास करावयाचा आहे. परंतु पहिला प्रश्न मुळांत खुलाच नाहीं. बाप्तिस्मा हें मंडळीचें बक्षीस नव्हे कीं तें रुसल्यावर परत मागावें. मेजाचा धनी प्रभु आहे; पाळक व वडील तेथें वाढपी आहेत. आणि वाढप्यानें पंगतींतील माणसें उठवूं नयेत.

आणखी एक गोष्ट. हे लोक बाहेरून आलेले नाहींत. ते आपल्याच घरांत जन्मले, आपल्याच शब्बाथ शाळेंत वचनें पाठ करून बक्षिसें घेऊन गेले, नाताळाच्या नाटकांत मेंढपाळ झाले, तरुण संघाच्या वर्गण्या त्यांनींच गोळा केल्या. त्यांस आंत घ्यावें काय, हा प्रश्नच चुकीचा आहे. ते आंतच आहेत. खरा प्रश्न हा कीं, आंत असून त्यांस खरें बोलतां येतें काय.

यरुशलेमच्या सभेचा क्रम येथें आपणांस मार्ग दाखवितो. तेथें आधीं पेत्र उभा राहिला व आपण काय पाहिलें तें त्यानें सांगितलें. मग बर्णबा व पौल बोलले, आणि सर्व समुदाय गप्प राहून ऐकत होता. याकोबानें शास्त्र उघडून निर्णय सांगितला तो त्यानंतर. म्हणजे साक्ष, मग शास्त्र, मग ठराव. ठराव आधीं करून माणसें मागाहून पाहिलीं म्हणजे काय होतें, तें बावन्न वर्षांच्या ह्या गोष्टींत आपण पाहिलें.

६. आपल्या घराकडे

आपल्या देशांत ६ सप्टेंबर २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या पांच न्यायाधीशांनीं निर्णय दिला कीं, सज्ञान व्यक्तींचे परस्परसंमतीनें खाजगीत झालेले समलिंगी संबंध गुन्हा नव्हेत. इंग्रजी अमदानींतील १८६० च्या दंड संहितेच्या ३७७ व्या कलमाचा तितका भाग रद्द झाला. त्या खटल्यांत कांहीं ख्रिस्ती संस्थांनीं कलम राहावें अशी बाजू मांडिली होती. १७ ऑक्टोबर २०२३ रोजीं त्याच न्यायालयानें समलिंगी विवाहास कायद्याची मान्यता देण्याचें नाकारिलें. म्हणजे आज असा मनुष्य गुन्हेगार नाहीं, परंतु त्याच्या संसारास कायद्याची ओळखहि नाहीं. अशा वेळीं त्यास मंडळीच्या आधाराची गरज अधिकच आहे.

गांवच्या मंडळींत हा प्रश्न ठरावाच्या रूपानें येत नाहीं. तो लग्नाच्या रूपानें येतो. मुलगा लग्नास नाहीं म्हणतो, मुलगी स्थळें नाकारिते, आईबाप पाळकाकडे येतात, आणि सर्वांच्या तोंडीं एकच उपाय असतो : लग्न करून द्या, म्हणजे सर्व ठीक होईल. ह्या उपायानें एकाच्या दुःखाचीं दोन दुःखें होतात. जिला कांहीं ठाऊक नाहीं अशी दुसऱ्याची लेंक त्या घरांत येते, व नवऱ्याच्या परकेपणाचा दोष जन्मभर स्वतःवर घेते. देवापुढें शपथ घेवविणाऱ्या पाळकानें ती शपथ खरी आहे कीं नाहीं हें पाहिलें पाहिजे. म्हणून ज्यानें एकांतांत आपली स्थिति सांगितली आहे त्याच्या लग्नाची घाई पाळकानें करूं नये, व तसें करणाऱ्यांस साथ देऊं नये.

दुसरा उपाय म्हणजे ओढ बदलण्यासाठीं उपास, भूत काढणें व औषधें. पाश्चात्य देशांतील प्रॉटेस्टंट लोकांनीं ह्या उपायाची मोठी परीक्षा केली आहे. ह्याच कामासाठीं १९७६ सालीं अमेरिकेंत स्थापन झालेली एक्झोडस इंटरनॅशनल ही संस्था जून २०१३ मध्यें बंद झाली, आणि तिच्या प्रमुखांनीं, ज्यांस दुखावलें त्यांची जाहीर क्षमा मागितली. आपल्या देशांतहि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानें २०२२ सालीं असे उपचार करणें हें डॉक्टराचें व्यावसायिक गैरवर्तन ठरविलें. प्रार्थना अवश्य करावी. परंतु जी प्रार्थना ऐकून तरुणास आपण देवाला नकोसे आहों असें वाटतें, ती त्याच्यासाठीं नव्हे, त्याच्याविरुद्ध केलेली प्रार्थना होय.

मग पाळकानें व वडिलांनीं काय करावें? ज्यानें विश्वासानें सांगितलें त्याची गोष्ट त्याच्या परवानगीवांचून आईबापांनाहि सांगूं नये. मेजापासून त्यास दूर करूं नये. व्यासपीठावरून थट्टेचा शब्द काढूं नये. कारण समोर कोण बसलें आहे हें आपणांस ठाऊक नसतें. जीव नकोसा झाल्याचे शब्द कानीं आल्यास ते हलके समजूं नयेत. त्याच्या जवळ बसावें, त्यास एकटें सोडूं नये, व जाणत्या डॉक्टरापर्यंत त्याच्याबरोबर जावें. आणि आईबापांस धीर द्यावा, कीं हें त्यांच्या पापाचें फळ नव्हे. जन्मांध मनुष्याविषयीं शिष्यांनीं विचारलेल्या प्रश्नास प्रभूनें जें उत्तर दिलें (योहान ९:१-३) तें त्यांस वाचून दाखवावें. समलिंगी असणें हें अंधत्वासारखें व्यंग आहे असा त्याचा अर्थ नव्हे. कोणाच्या जन्माचा दोष आईबापांच्या माथीं मारूं नये, एवढाच तेथें बोध आहे.

ज्यांचा विवेक दुसऱ्या व तिसऱ्या प्रश्नावर अद्यापि नाहीं म्हणतो त्यांनीं ह्या पाठानें दुखावूं नये. रोमकरांस पत्राचा १४ वा अध्याय त्यांच्यासाठींहि आहे व ज्यांचा विवेक होय म्हणतो त्यांच्यासाठींहि आहे. एकानें दुसऱ्यास तुच्छ मानूं नये, व दुसऱ्यानें पहिल्याचा न्याय करूं नये. एका मेजावर बसून असा मतभेद चालवितां येतो. मेजच मोडलें तर मग चर्चा कोणाशीं करावयाची?

विचारार्थ प्रश्न

१. प्रेषितांचीं कृत्यें १५ मध्यें सभेनें निर्णयापूर्वीं काय काय केलें, तें क्रमानें सांगा. आपल्या पंचसभेंत तो क्रम पाळिला जातो काय?

२. फिलिप्पानें कूशी षंढास बाप्तिस्मा देण्यापूर्वीं त्यास कोणती अट घातली व कोणती घातली नाहीं?

३. पाठांतील तीन प्रश्नांपैकीं कोणत्या प्रश्नावर तुमच्या वर्गांत मतभेद आहे? दोन्ही मतांचीं शास्त्रवचनें काढून वाचा; परंतु ज्या मताशीं तुम्ही सहमत नाहीं त्याचीं वचनें तुम्हीच वाचून दाखवा.

४. तुमच्या मंडळींतील एखाद्या तरुणास आपली अशी स्थिति सांगावयाची असेल, तर तो कोणाकडे जाईल? कोणाकडेहि जाणार नाहीं असें उत्तर येत असेल, तर त्याचें कारण काय?

चवथ्या प्रश्नाचें उत्तर वर्गांत मोठ्यानें देण्याची आवश्यकता नाहीं. तें घरीं जाऊन प्रत्येकानें देवापुढें द्यावें, आणि पुढच्या रविवारीं देवळांत बसतांना आपल्या शेजारच्या माणसासाठीं बांकावर थोडी अधिक जागा करावी.